वाचकांचे प्रश्न : चेहऱ्याचं ऑपरेशन नक्की कुणासाठी?

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर करायच्या शस्त्रक्रियांबद्दल गेल्या काही आठवड्यांत लागोपाठ पत्रं आली. त्यांतली तीन इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलं आहे. ते कापलं नाही, कारण हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरात येऊन गेला आहे.

प्रश्न : ताई, माझी मुलगी ९ वर्षांची आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे. चौथ्या महिन्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, त्यातून ती छान सावरली. आता ती जोडाक्षरं वाचते, स्वतःची वेणी स्वतः घालते, माझ्या मोबाइलवर हवं ते गाणं शोधून लावते. गेल्या महिन्यात शाळेत वर्गाचा फोटो काढला. फोटोग्राफरने तिला पहिल्या रांगेतून उठवलं आणि शेवटच्या रांगेत अगदी कडेला उभं केलं. ती उंचीने लहान आहे. फोटोत तिचं कपाळ आणि केस तेवढे दिसतात. मी शाळेत काहीच बोलले नाही. रात्री मात्र मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये तिचा फोटो घेतला, नाक जरा वर उचललं, डोळ्यांचे कोपरे सरळ केले आणि अर्धा तास त्या फोटोकडे बघत बसले. मागून माझा नवरा आला. "ही कोण?" असं म्हणाला आणि खोलीतून निघून गेला. त्यानंतर आमचं धड बोलणं झालेलं नाही.

मी जाऊबाईंना घेऊन एका प्लास्टिक सर्जनना भेटून आले. ते म्हणाले, नाकाच्या दांड्यात सिलिकॉन बसवता येईल, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातली कातडीची घडी काढता येईल, जीभ बाहेर येते तीही थोडी कमी करता येईल. जाऊबाई म्हणतात, "लहान आहे तोवर उरकून घे, कळायला लागल्यावर जास्त त्रास होईल." नवरा ऐकूनच घेत नाही. रस्त्यात लोकांनी तिच्याकडे वळून वळून बघू नये, एवढंच मला वाटतं. यात माझं काय चुकतं? — एक आई

उत्तर : लोकांनी वळून बघू नये असं वाटण्यात काहीही चुकत नाही. हे आधी सांगते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचताना तुम्हाला वाटेल की मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने बोलते आहे.

वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून मी ३० वर्षं काम केलं. पण मी या क्षेत्रात आले ती माझ्या धाकट्या भावामुळे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. १९८४ साली तो ८ वर्षांचा होता आणि मी १४ वर्षांची. परदेशात शिकून आलेल्या एका सर्जननी आईवडिलांना सांगितलं की जिभेचा पुढचा भाग कापून काढला की जीभ तोंडात मावेल, बोलणं स्पष्ट होईल आणि चेहरा चारचौघांसारखा दिसेल. ते फसवत नव्हते. त्या काळात या ऑपरेशनांचा खरोखरच बोलबाला होता. जर्मनीत फ्रँकफर्टचे सर्जन गॉटफ्रीड लेम्पर्ले अशा मुलांची जीभ लहान करत, नाकाचा दांडा आणि गालफडं भरून काढत, डोळ्यांच्या घड्या दुरुस्त करत. त्यांचा त्यावरचा लेख १९८० साली प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकात आला होता. जेरुसलेममध्ये मानसशास्त्रज्ञ रूव्हेन फॉयरस्टाइन या शस्त्रक्रियांच्या बाजूने उभे होते. आमच्या आईवडिलांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. 'स्पष्ट बोलेल' हे दोन शब्द मात्र त्यांच्या मनात रुतले.

ऑपरेशनच्या सकाळी आईने भावाला सांगितलं, "डॉक्टरकाका तुझ्या तोंडाचा फोटो काढणार आहेत." त्याला फोटो काढून घ्यायला फार आवडायचं. स्ट्रेचरवरून आत जाताना त्याने आधीपासूनच मोठा आ करून ठेवला होता. ते तोंड मला अजून दिसतं.

नंतर जीभ इतकी सुजली की तोंड मिटेना. नऊ दिवस त्याला नळीतून अन्न दिलं. टाके विरघळले, सूज उतरली, आणि मग मला एक गोष्ट लक्षात आली. तो मला 'ताई' म्हणायचा. 'त' म्हणायला जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकावं लागतं. ते टोकच आता नव्हतं. कित्येक महिने त्याच्या तोंडून मला आणि आईला एकच हाक यायची, 'आई'. दोघी वळून बघायचो. वर्षभराने 'ताई' परत आली, पुसट झालेली. आणि घरात कुणी कॅमेरा बाहेर काढला की तो तळहाताने तोंड झाकायला लागला. १९८४ नंतरच्या आमच्या अल्बमात त्याचा हात नसलेला फोटो जवळपास नाहीच.

आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की ऑपरेशननंतर तो बराच स्पष्ट बोलायला लागला. माझं शिक्षण चालू असताना मला घरात एक कॅसेट सापडली. तिच्या एका बाजूला ऑपरेशनआधीचं त्याचं बोलणं होतं आणि दुसऱ्या बाजूला दीड वर्षानंतरचं. मी एकेक उच्चार मोजत बसले. चुका जवळपास तेवढ्याच होत्या. आईला मी हे कधी सांगितलं नाही. तीही खोटं बोलत नव्हती, तिला तसंच ऐकू येत होतं. १९८७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेमका हाच अनुभव मोजून छापला. जीभ कमी केलेल्या १८ मुलांचे उच्चार त्यांनी ऑपरेशनआधी, चार आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी तपासले आणि ऑपरेशन न झालेल्या मुलांशी ताडून पाहिले. उच्चारांत फरक पडलेला नव्हता. पालकांना मात्र बोलणं सुधारल्यासारखं वाटत होतं. पुढे वाचेसाठी हे ऑपरेशन सुचवणं बहुतेक ठिकाणी मागे पडलं.

म्हणून तुमच्या सर्जननी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी जिभेबद्दल मी अगदी ठामपणे सांगते : दिसण्यासाठी किंवा बोलण्यासाठी तिची जीभ कापू देऊ नका. बहुतेक मुलांची जीभ मुळात मोठी नसतेच. चेहऱ्याचा मधला भाग लहान असतो, टाळू अरुंद असतो, त्यामुळे जिभेला जागा कमी पडते. त्यात सगळ्याच स्नायूंना एक सैलपणा असतो. शिवाय टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी वाढलेल्या असल्या की मूल तोंडाने श्वास घेतं, आणि तोंड उघडं म्हटल्यावर जीभ पुढे येणारच. तिला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ती घोरते का, झोपेत श्वास अडकून दचकते का, मान मागे टाकून किंवा बसल्या बसल्या झोपते का, हे पाहा. डाउन सिंड्रोम असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास असतो आणि तो आईवडिलांच्या लक्षातही येत नाही. रात्रीची झोप-तपासणी अजून झाली नसेल तर ती करून घ्या. त्यातून टॉन्सिल काढायला सांगितले तर ते ऑपरेशन मी डोळे झाकून करा म्हणेन. ओठ मिटण्याचे, जीभ आत ठेवण्याचे व्यायामही असतात. ते कंटाळवाणे आहेत आणि महिनोन् महिने करावे लागतात. पण 'त' परत मिळवून देतात. हे मी एका मुलाच्या बाबतीत रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभं राहून पाहिलं आहे.

आता नाक आणि डोळे. ९ वर्षांचा चेहरा अजून वाढायचा असतो, ती वाढ किशोरवयाच्या शेवटापर्यंत चालते. चेहरा मोठा होतो, सिलिकॉन मात्र आहे तेवढंच राहतं. ते सरकू शकतं, त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, पातळ कातडीतून बाहेर डोकावू शकतं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला व्रण ही तर लपवायला सगळ्यात अवघड जागा. ती घडी नाकाचा दांडा वाढतो तशी पुष्कळदा आपोआप कमी दिसायला लागते. आणि काळाचाही विचार करा. १९८३ साली अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षं होतं, आता ते ६० वर्षांच्या आसपास आहे. आज नाकात बसवलेली वस्तू तिला पन्नास वर्षं सांभाळावी लागेल, आणि त्यातला मोठा काळ कदाचित तुमच्याशिवाय.

भुलेचं तुम्हाला वेगळं सांगायला नको, हृदयाच्या वेळी तुम्ही ते सगळं पाहिलं आहे. तरी त्या सर्जननी तुम्हाला मानेबद्दल काही विचारलं का? डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काही जणांचा सैल असतो. भूल देताना मान फार मागे वाकवली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. श्वासनलिका अरुंद असू शकते, नळी नेहमीपेक्षा बारीक लागते. जीव वाचवायचा असतो तेव्हा हे सगळं सांभाळून ऑपरेशन करतातच, आणि करायलाच हवं. फोटोसाठी हा धोका मी पत्करणार नाही.

फॉयरस्टाइन यांचा मुद्दा मात्र मला इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. तो असा होता : चेहरा बघूनच लोक ठरवतात की या मुलाला काही येणार नाही, मग ते त्याच्याशी कमी बोलतात, कमी शिकवतात, आणि शेवटी त्याला खरंच कमी येतं. निदान आधी, शिकवणं नंतर, हे मी शाळांमधून इतक्यांदा पाहिलंय की हे वर्णन खोटं आहे असं मी म्हणणार नाही. १८६६ साली जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी या स्थितीचं वर्णन केलं तेही चेहऱ्यावरून, तेही एका दूरच्या लोकसमूहाशी चेहऱ्याची तुलना करून. त्यातून रूढ झालेला 'मंगोल' हा शब्द इतका टोचत राहिला की १९६५ साली मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेकडे तक्रार केली आणि मग संघटनेने तो वापरणं सोडलं. या स्थितीचं खरं कारण, म्हणजे २१व्या गुणसूत्राची जादा प्रत, १९५९ साली पॅरिसमध्ये सापडलं. म्हणजे तब्बल ९३ वर्षं डॉक्टरांच्या हातात या मुलांबद्दल मुख्यतः चेहराच होता. समाजाची ती सवय अजून गेलेली नाही. पण तुमच्या मुलीच्या नाकात सिलिकॉन घालून ती जाणार नाही. तिची उंची, चाल, बोलण्याचा वेग, उत्तर द्यायला लागणारा वेळ हे सगळं तेच राहील. उलट एक गोष्ट जाईल. माझा भाऊ काउंटरवर पैसे मोजत असतो तेव्हा मागचे लोक त्याच्या चेहऱ्याकडे बघतात आणि बहुतेक जण थांबतात. त्याचा चेहरा त्याला अर्धा मिनिट मिळवून देतो. तो अर्धा मिनिट त्याला लागतोच.

जाऊबाईंचं 'कळायला लागण्याआधी' हे मला सगळ्यात जास्त खटकलं. जी मुलगी जोडाक्षरं वाचते तिला कळतं. शेवटच्या रांगेत उभं केलेलंही तिला कळलंय. फक्त ती तुमच्याशी त्याबद्दल बोललेली नाही, जशा तुम्ही शाळेशी बोलला नाहीत.

म्हणून शाळेत जा. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, वर्गाचा फोटो पुन्हा काढायला लावा आणि तिला तिच्या उंचीप्रमाणे पहिल्या रांगेत बसवायला सांगा. पुन्हा फोटो काढणं त्यांना अवघड वाटेल, काढायला सांगा. सोबत नवऱ्याला न्या. मोबाइलमधला तो फोटो त्यांच्यापासून लपवू नका. त्यांनी "ही कोण?" विचारलं त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. त्या रात्री तुम्ही अर्धा तास काय बघत होतात, कशाची भीती वाटत होती, ते त्यांना सांगा. माझ्या आईने ते कुणालाच सांगितलं नाही. वडिलांनीही कधी विचारलं नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. तो एका ऑफिसात फाइलिंगचं काम करतो. गेले सहा महिने तो म्हणतोय, "मला नाक पाहिजे. सगळ्यांसारखं." आईबाबा हसून विषय बदलतात. मी इंटरनेटवर वाचलं की अशा माणसांवर कॉस्मेटिक सर्जरी करणं चुकीचं आहे, त्यांना आहे तसं स्वीकारायला हवं. पण तो स्वतःच मागत असेल तर? मला त्याची बाजू घ्यायची आहे, पण कोणती बाजू त्याची आहे हेच कळत नाही. — एक बहीण

उत्तर : तुमच्यासारखंच मीही थोरली बहीण आहे, त्यामुळे हे पत्र वाचून मला तुमच्याबद्दल आधी माया वाटली. आता उत्तर देते.

आईबाबांनी हसणं थांबवायला हवं. २३ वर्षांचा दुसरा कुठलाही मुलगा नाकाचं ऑपरेशन करायचं म्हणाला तर लोक फार तर नाकं मुरडतील, पण 'तुला असं वाटूच शकत नाही' असं कुणी म्हणणार नाही. 'आहे तसं स्वीकारायला हवं' हे वाक्य आपल्यासाठी आहे, बघणाऱ्यांसाठी. ते घेऊन त्याचं तोंड बंद करता येणार नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६चा करार आहे. त्याच्या १२व्या कलमात असं म्हटलं आहे की कायद्यापुढे अपंग व्यक्तीलाही इतरांइतकीच क्षमता आहे, आणि निर्णय घेताना मदत लागली तर ती मदत त्यांना मिळायला हवी. मदत म्हणजे त्याच्या जागी आपण ठरवणं नव्हे.

पण त्याआधी त्याला नेमकं काय हवंय ते शोधा. माझ्याकडे उच्चारांसाठी येणारा एक तरुण होता, ३० वर्षांचा. तोही महिनोन् महिने म्हणायचा, "नाक पाहिजे." घरच्यांनी ते 'वेडेपणा' म्हणून सोडून दिलं होतं. एक दिवस मी त्याला म्हटलं, नाक असलं की काय करशील ते दाखव. त्याने चष्मा काढला, नाकावर ठेवला, खाली वाकला, चष्मा जमिनीवर पडला. परत उचलला, परत वाकला, परत पडला. मग माझ्याकडे बघून हात पसरले. दिवसभरात तो किती वेळा हे करत असेल! डाउन सिंड्रोम असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना डोळ्यांचे दोष असतात, चष्मा लागतो, आणि नाकाचा दांडा सपाट असल्यामुळे साधी फ्रेम त्यांच्या नाकावर थांबत नाही. खाली आधार असलेल्या, कानामागे नीट बसणाऱ्या, मुद्दाम अशा चेहऱ्यांसाठी बनवलेल्या फ्रेम असतात. तशी फ्रेम मिळाल्यावर त्याने पुन्हा कधी नाक मागितलं नाही.

तुमच्या भावाचं तसंच असेल असं मी म्हणत नाही. त्याला ऑफिसात कुणी काही बोललं असेल. तिथली एखादी मुलगी त्याला आवडत असेल. किंवा त्याला खरोखरच वेगळं नाक हवं असेल, तुमच्या-माझ्या परिचयातल्या अनेकांना हवं असतं तसं. सहा महिन्यांपूर्वी काय घडलं ते आठवा. त्याला विचारा, कुणासारखं नाक? त्याला मासिकातून, फोटोंतून दाखवू द्या. प्रश्न एका वेळी एकच विचारा आणि उत्तरासाठी थांबा. 'हो ना?' असं म्हणू नका, तो तुम्हाला खूश करायला हो म्हणेल. आमच्या घरात पुष्कळ निर्णय अशा 'हो ना?'ने झाले आहेत.

हे सगळं करूनही तो ऑपरेशनच मागत राहिला तर त्याला सर्जनकडे घेऊन जा, आणि सर्जननी तुमच्याशी नव्हे तर त्याच्याशी बोलायला हवं, हा आग्रह धरा. चित्रं काढून समजावून सांगायला लावा : कुठे कापणार, किती दिवस सूज, नाकावर पट्टी, किती दुखणार, बिघडलं तर काय. आठवड्याने त्यालाच सांगायला लावा की काय काय होणार आहे. महिन्याने पुन्हा विचारा. हृदय, थायरॉइड, मान आणि झोपेतला श्वास यांची तपासणी झाल्याशिवाय भूलतज्ज्ञ तयार झाले तर दुसरे भूलतज्ज्ञ शोधा. ऑपरेशननंतर त्याच्यापाशी कुणीतरी सतत असायला हवं, कारण या मंडळींना दुखतं तितकंच, सांगायला मात्र वेळ लागतो.

मी स्वतः त्याच्या जागी असते तर केलं नसतं. पण मी त्याच्या जागी नाही. त्याला कळून, उमजून, दोन-तीनदा विचारूनही हवं असेल तर माझ्या भावाच्या बाबतीत जे केलं गेलं त्याच्या हे अगदी उलट आहे. अशा वेळी मी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत त्याच्यासोबत गेले असते.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. मला डाउन सिंड्रोम आहे. मी बोलले आणि माझ्या मैत्रिणीने टाइप केलं. माझे काका म्हणतात डोळ्यांचं ऑपरेशन कर, छान दिसशील, पैसे मी देतो. मला माझे डोळे आवडतात. मला ऑपरेशनची भीती वाटते. काका चांगले आहेत. नाही म्हटलं तर ते रागावतील. मी नाही म्हणू शकते का?

उत्तर : हो. तू नाही म्हणू शकतेस.

डोळे तुझे आहेत. काका पैसे देणार असले तरी डोळे तुझेच आहेत. काका चांगले असले तरीही तू नाही म्हणू शकतेस. चांगल्या माणसांनाही नाही म्हणता येतं.

काकांना असं सांग : "काका, मला माझे डोळे आवडतात. मला ऑपरेशन नको." एवढं पुरे. कारण सांगायची गरज नाही. काका रागावले तर रागावू देत. राग नंतर जातो. सांगताना तुझ्या मैत्रिणीला सोबत बसव. बोलायला अवघड वाटलं तर लिहून दे.

कुणी तुला डॉक्टरांकडे घेऊन गेलं तर आधी विचार, "कशासाठी?" उत्तर नीट मिळेपर्यंत आत जाऊ नकोस. डॉक्टरांनाही तू नाही म्हणू शकतेस. तू २६ वर्षांची आहेस. तुला न समजलेल्या कागदावर सही करू नकोस. "मला समजलं नाही, परत सांगा," असं कितीही वेळा म्हण.

एक गोष्ट मात्र वेगळी. डोळ्यांना कमी दिसत असेल, डोळे दुखत असतील किंवा सारखं पाणी येत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर दाखव. ते तब्येतीसाठी असतं. काका म्हणतात ते दिसण्यासाठी आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एली गोल्डस्टीन नावाची एक मॉडेल आहे. तिलाही डाउन सिंड्रोम आहे. २०२३ साली 'ब्रिटिश व्होग' मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो आला होता. मैत्रिणीला तो मोबाइलवर शोधून दाखवायला सांग. तुला बघायला आवडेल. हवा तर काकांनाही दाखव.

माझ्या भावालाही डाउन सिंड्रोम आहे. तो आता पन्नाशीला आला आहे. लहानपणी त्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याला न विचारता. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. त्याने ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "तिला सांग, मी पण घाबरलो होतो."